प्रश्नावली एक सांगते, मुलाखती भलतंच. प्रबंधात काय लिहू?

नमस्कार मंडळी,

एमएच्या प्रबंधातलं संशोधन पद्धतीचं प्रकरण अडलंय. विषय : ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यार्थ्यांचा अनुभव. हाताशी गूगल फॉर्मवर भरून आलेल्या ११२ प्रश्नावल्या आणि १४ मुलाखती.

गोची अशी, की प्रश्नावलीत बहुतेकांनी 'सहमत' निवडलंय, म्हणजे सगळं आलबेल. मुलाखतींत मात्र एकच रड : शंका विचारायची लाज वाटायची, म्हणून कॅमेरा बंद करून बसायचो. सातव्या-आठव्या मुलाखतीपासून तर पुढचं वाक्य मला आधीच कळायला लागलं.

सर्वांत जास्त 'सहमत' मिळालेलं विधान हे : 'ऑनलाइन वर्ग सोयीचे व समजायला सोपे वाटतात.' टाइप करताना काही खटकलं नव्हतं. आता दिसतंय, एकात दोन प्रश्न कोंबलेत. सोयीचे वाटले पण समजलं नाही, त्याने काय निवडायचं? आधी दहा जणांकडून भरून घेतला असता तर तिथेच कळलं असतं. घाई नडली.

शिवाय एक सिनिअर म्हणतो, नमुना ३८४ चा हवाच. मी लिंक ओळखीच्या ग्रुपांवर टाकली होती, त्यांनी पुढे पाठवली. आणखी २७२ जण गोळा करू? की मुलाखतीच गाळू?

प्रतिसाद
३८४ चं भूत आधी उतरवा. मोठ्या समूहातून यादृच्छिक नमुना (चिठ्ठ्या काढल्यासारखा, प्रत्येकाला निवडीची समान संधी असलेला) घेतला आणि ९५ टक्के विश्वास पातळी, ५ टक्के चूक धरली, की तो आकडा येतो : १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. तुमचा नमुना सोयीचा, म्हणजे सहज हाताशी आले त्यांचा; त्यात स्नोबॉल, म्हणजे एकाने पुढच्याला पाठवत वाढलेला. असे हजार जमवलेत तरी 'विद्यार्थ्यांना असं वाटतं' असं सरसकट म्हणता येणार नाही. ११२ च ठेवा, मर्यादांमध्ये सरळ लिहा.

ते जोडविधान एकूण गुणांत धरू नका, पण गुपचूप काढूही नका. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) नेमकं तिथेच बोट ठेवतात. मुलाखती गाळायचं तर मनातही आणू नका, प्रबंधाचा जीव तिथेच आहे. फॉर्म निनावी होता का?

धागाकर्ती
हो. १४ पैकी ९ जणांनी भरला होता म्हणे, पण कुणाचा कुठला ते कळायला मार्ग नाही.

प्रतिसाद
मग 'तीच मुलं फॉर्ममध्ये एक आणि तोंडी दुसरं बोलली' असं लिहू नका. दोन साधनांतून दोन चित्रं आली, एवढंच म्हणा. ती का वेगळी आली, हीच तुमची चर्चा. ब्राउन आणि क्लार्क यांची २००६ मधली थीमॅटिक विश्लेषणाची सहा टप्प्यांची रीत धरून मुलाखतींना कोड द्या, म्हणजे प्रत्येक मुद्द्याला छोटं नाव; सारखे कोड जुळून पुढे थीम बनते. 'लाज' आणि 'कॅमेरा' लगेच एका थीममध्ये ढकलू नका. कॅमेरा कुणी नेटच्या रडगाण्यामुळेही बंद ठेवला असेल. सगळ्या मुलाखती ऐकून लिहून उतरवून झाल्यात ना?

धागाकर्ती
पाच राहिल्यात. आज रात्री बसते.