पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (इराक) गेले, परत आले नाहीत. नोंद कुठे शोधायची?

प्रश्न (देवरुखकर): घरात दोन वस्तू आहेत. काशाची गोल तबकडी, साधारण १२ सेंमी, ब्रिटानिया आणि सिंह. नाव आहे, हुद्दा नाही. दुसरं, पिवळट मेडल. कडेवरचं '११० मराठा' एवढंच लागतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या (युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणारी संस्था) साइटवर नाव टाकलं तर काहीच येत नाही. गाव संगमेश्वर तालुक्यात.

जुनंदफ्तर: तबकडी मयताच्या वारसालाच मिळायची, म्हणजे मृत्यू सरकारदरबारी नोंदलेला आहे. तिच्यावर हुद्दा कुणाचाच नसतो, जनरल असो की शिपाई. शोधाला उपयोगी ते मेडल. (जोडीचं चांदीचं बहुतेक घरांतून कधीच मोडीत गेलेलं असतं.) ब्रासोने घासू नका, उरलीसुरली अक्षरंही जातील. अंधारात टॉर्च आडवा धरून कडेचे चार-पाच फोटो काढा. क्रम असा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मग साइटवर नावाचा रकाना रिकामा ठेवून सर्व्हिस नंबर टाका. कारकून ऐकलेलं नाव इंग्रजीत उतरवायचा. आडनाव बऱ्याचदा नसतंच, पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात बसलेलं असतं.

पलटणवाला: पलटणीच्या नावात 'मराठा'चं जुनं स्पेलिंग वापरा: आरच्या आधी एच आणि दोन टी. १९२२ च्या फेररचनेत ११० वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. त्या नव्या नावाने शोधलंत तर दुसऱ्या महायुद्धातली माणसं हाती लागतील.

तारीख मिळाली की २९ एप्रिल १९१६ च्या अलीकडची की पलीकडची ते पाहा. ११० वी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कुतच्या (इराकमधलं टायग्रिसकाठचं गाव) वेढ्यात होती आणि त्या दिवशी कुत तुर्कांच्या हाती पडलं. आधीची असेल तर लढाई, जखम किंवा आजार. घोड्याचं मांस न खाणाऱ्या शिपायांना वेढ्यात स्कर्व्हीने गाठलं होतं. नंतरची असेल तर बहुधा तुर्कांच्या कैदेत: बगदादहून मोसूलमार्गे रास अल-ऐनपर्यंत (आता सीरियात), तिथे रेल्वेच्या कामावर. कैदेतल्या तारखा कागदावर ठरवलेल्या असू शकतात. तिथीला धरून बसू नका.

जुनंदफ्तर: आणि बसरा स्मारकाच्या (ज्यांची कबर माहीत नाही अशांचं) फोटोंत नाव शोधत बसू नका. भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपाई किती मेले तेवढी नुसती संख्या. वॉर डायरीतही (पलटणीची रोजनिशी) तेच. लाहोरला सापडलेली शिपायांच्या नोंदींची रजिस्टरं गाजली, पण ती फक्त पंजाबची.

देवरुखकर: टॉर्चची युक्ती चालली. नंबर चार आकडी, पण शेवटचा ३ की ८ कळत नाही.

पलटणवाला: दोन्ही टाका. एकच नंबर वेगळ्या पलटणींतही असतो, म्हणून ११० वीचाच घ्या. 'अधिक माहिती'त वडिलांचं नाव आणि गाव असलं तर तिथे पक्कं करा.