मुलांना देवाचा आदर शिकवायचा आहे, धाक नको. सल्ला हवा.

वसईची_आई
आमची मोठी आठ वर्षांची, यंदा कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घेण्याच्या तयारीला बसली आहे. घरातली मोठी माणसं उठसूट "देव शिक्षा करील" म्हणतात, त्यामुळे रात्री प्रार्थनेलासुद्धा ती बिचकते. धाकट्याचं उलटं. येशू माझा दोस्त म्हणतो आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असताना बाकांमधून पळत सुटतो. देव जवळचाही आहे आणि फार मोठाही आहे, हे दोघांना कसं सांगायचं? तुम्ही कुठल्या गोष्टी सांगता, घरात काय करता?

अर्नाळा_किनारा
मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. माझा पहिला सल्ला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाचा. पेत्र हा कोळी, पुढे येशूचा शिष्य झाला. रात्रभर जाळी टाकून त्याच्या हाती काही नाही, आणि येशूच्या शब्दावर पुन्हा टाकली तर जाळी फाटायला लागली, दुसरी होडी बोलवावी लागली. रिकामी होडी परत येणं म्हणजे काय, हे आमच्या कोळीवाड्यातल्या पोरांना समजावावं लागत नाही. मग मी विचारते, एवढी मासळी मिळाल्यावर पेत्र नाचायचं सोडून येशूच्या पाया का पडला? "माझ्यापासून दूर जा, मी पापी आहे" असं का म्हणाला? उत्तर लगेच देऊ नका, मुलांना बोलू द्या. शेवटी येशूचं उत्तर वाचा: "भिऊ नको." तुमच्या मोठीला हेच दोन शब्द हवेत.

धाकट्याला मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ सांगा. तिथे शिष्य लाटांना घाबरतात, पण वारा पडल्यावर त्यांना जास्त भीती वाटते, कारण हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात! आपला दोस्त केवढा मोठा आहे, हे त्याला तिथे कळेल.

करारकोशाला (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीला) हात लावून मेलेल्या उज्जाची गोष्ट मात्र एवढ्यात नको. घाबरलेल्या मुलीला ती सांगणं मला अजिबात पटत नाही.

पापडीकर
मागच्या बाकावर बसत असाल तर पुढे या. लहान मुलाला पुढच्यांच्या पाठीच दिसतात, मग ते पळणारच. मिस्सा सुरू व्हायच्या जरा आधी पोचा, ख्रिस्तप्रसादाच्या पेटीजवळचा दिवा दाखवा, उजवा गुडघा जमिनीला टेकवून नमन कसं करायचं ते सावकाश करून दाखवा. घाईत अर्धवट वाकणारा बाप बघून मूलही तेच उचलतं.

वेंगुर्ला_मंडळी
आम्ही प्रॉटेस्टंट, तरी लिहितो. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही दहा आज्ञांपैकी तुम्हा कॅथलिकांकडे दुसरी, आमच्याकडे तिसरी, पण मोडतो सगळेच. भावाची घासाघीस करतानाही आपण "देवाशपथ" म्हणतो. मुलं ऐकत असतात. आमच्या घरी ते बंद केलं आणि कारण मुलांना नीट सांगितलं.

संडे स्कूलमध्ये मी बाळ शमुवेलची गोष्ट घेतो. देव नावाने हाक मारतो आणि ते पोर तीनदा उठून एली या म्हाताऱ्या याजकाकडे धावतं, त्यानेच हाक मारली असं समजून. देव त्याच्यावर ओरडत नाही, पुन्हा हाक मारतो. म्हणून आमची घरची प्रार्थना मागण्यापासून सुरू होत नाही. आधी थोडा वेळ गप्प बसायचं, मग "बोल, तुझा दास ऐकत आहे" म्हणायचं. रात्री बिचकणाऱ्या मुलीसोबत आईने शेजारी बसून हे करावं.

वसईची_आई
मनापासून आभार. पुढचा बाक आणि "देवाशपथ" या रविवारपासूनच. लूक वाचायला कुठलं बायबल घेऊ? आमच्याकडचं जुनं मराठी मुलीला जड जातं.

अर्नाळा_किनारा
फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल घ्या, भाषा आजची आहे. पण पहिल्यांदा पुस्तक मिटून, तुमच्या घरच्या बोलीत सांगा. वाचन दुसऱ्या दिवशी. आणि आजीलाही ऐकायला बसवा, "देव शिक्षा करील" आपोआप कमी होईल.