खंड तुटतो का वाहतो?

हिप्परगेकर: रविवारी एका कॉलेजात हिमालयावर व्याख्यान ऐकून आलो, तेव्हापासून डोकं फिरलंय. म्हणे भारताची धडक बसल्यावर आशिया घट्ट काकवीसारखा वाहतो. अरे खडक आहे की तो! माझं मत, खंड म्हणजे कडक भाकरी, दाबली की तुकडे पडणार आणि तुकडे बाजूला सटकणार. 1982 मध्ये फ्रान्सचे भूवैज्ञानिक तापोनिए यांनी प्लॅस्टिसिनमध्ये, म्हणजे खेळायच्या मातीत, भारताऐवजी ठोकळा घुसवून हेच दाखवलं की, मोठ्या चिरा पडल्या आणि माती मोकळ्या बाजूला सरकली. नकाशात तिबेटच्या उत्तरेचा अल्तिन ताघ, चीन-व्हिएतनाममधला रेड रिव्हर हे फॉल्ट (जमिनीतल्या सरकणाऱ्या लांब भेगा) बघा, सेम चित्र.

शेंगाचटणी: त्या प्रयोगात माती वरून-खालून दाबून धरलेली होती ते कोण सांगणार? वर फुगायला जागाच नाही म्हटल्यावर बाजूलाच जाणार ना बे. तिबेट सरासरी 5000 मीटर उंच, त्याच्या खालचं जमिनीचं कवच 70 किमी जाड, आपल्याकडच्या जवळपास दुप्पट. त्याच 1982 साली फिलिप इंग्लंड आणि मॅकेंझी या शास्त्रज्ञांनी खंडाला चिकट द्रवाचा पातळ थर धरून गणित मांडलं, त्यात जाडी वाढली की थर स्वतःच्या वजनानं पसरायला बघतो. तिबेट आज पूर्व-पश्चिम ताणला जातोय ते उगंच का?

हिप्परगेकर: मग एवढे लांबलचक फॉल्ट कशाला पडले?

शेंगाचटणी: पडले, पण किती सरकतात ते बघ. तुमचे ठोकळेवाले अल्तिन ताघवर वर्षाला 2-3 सेमी म्हणायचे, जीपीएस आलं तर 1 सेमीच्या आसपास निघालं.

जुळे सोलापूर: तुमच्यापैकी भाकरी थापलीय का कुणी? पीठ थंड पाण्यात भिजवलं, नीट मळलं नाही तर मधे मऊ पसरतं आणि कडेला चिरा पडतात, एकाच गोळ्यात. जमिनीतही वरचे 15-20 किमी थंड नि ठिसूळ, खाली गरम. आधी परातीत हात घाला, मग भांडा.

हिप्परगेकर: ताई, उपमा भारी, पण जोर नक्की कोण धरतं, वरची चिर का खालचा मऊ भाग? भांडण तिथंच आहे.

चाटी गल्ली: मला वेगळाच प्रश्न. दोन्ही मॉडेलात भारत म्हणजे न वाकणारा ठोकळा, वर्षाला 4-5 सेमी उत्तरेकडं ढकलणारा, बरोबर? मग 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी कसं हाललं? विसर्जन करून आम्ही झोपलो होतो, चारला पाच मिनिटं कमी, मांडणीवरची सगळी पितळी भांडी अंगावर, आणि हे इथं सोलापुरात! तिकडं दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तुमच्या गणितात याला जागा कुठाय?

शेंगाचटणी: तिबेटच्या मानानं ठोकळा म्हणायचं, एवढंच. मागून रेटा, पुढं आशिया अडवतोय, तो ताण भारत ज्यावर बसलाय त्या अख्ख्या प्लेटमध्ये असतो, जिथं जुनी कमजोर जागा असेल तिथं कधीतरी सुटतो. पण कबूल, त्या दोन्ही गणितांत किल्लारी येत नाही.

चाटी गल्ली: हे आधीच म्हणायचं की मग, उगंच काकवी-काकवी लावलंय.