मदत हवी आहे: सेस्ना 182 मधून स्कायडायव्हर नेताना पायलटने काय सांभाळावं?

रानपाखरू:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत एका छोट्या ड्रॉप झोनवर (स्कायडायव्हिंगचं ठिकाण) जंप पायलट म्हणून सुरुवात करणार आहे. कमर्शियल परवाना आहे, 182 वर तासही आहेत, पण जम्पर कधी नेलेले नाहीत. विमान जुनं, कार्ब्युरेटरवालं. पायलटची सोडून सगळ्या सीटा काढलेल्या, उजवं दार वरच्या बाजूला उघडणारं. लोडला चार जण, उंची 10,500 फूट. प्रशिक्षण मिळेलच, पण त्याआधी तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. चौघं दाराशी आणि बाहेर गेले की विमान कसं वागतं? रिकामं विमान उतरवताना इंजिन कसं जपायचं? आणि दारातच कुणाचं पॅराशूट उघडलं तर काय करायचं?

घारोबा:
आधी वजन. रिगसकट (पाठीवरचा पॅराशूटचा संच) एका जम्परचे 210 पौंड धरा. चौघांचे 840, तुमचे 170, आणि 20 गॅलन इंधनाचे 120. झाले 1,130. बऱ्याच 182 मध्ये एवढ्यावरच मर्यादा गाठली जाते, म्हणून टाक्या पूर्ण भरून उडता येत नाही आणि दिवसभर थोड्या थोड्या इंधनावर खेपा चालतात. जंप विमानांचे इंजिन बंद पडण्याचे कितीतरी प्रकार इथूनच सुरू होतात. गेजवर विसंबू नका, काठी घालून मोजा. टाकीत रबरी ब्लॅडर (पिशव्या) असतील तर सुरकुत्यांमागे पाणी अडकतं. ड्रेन काढण्याआधी पंख हलवून घ्या.

आता जंप रन, म्हणजे उडीसाठी विमान सरळ नेण्याचा टप्पा. फ्लॅप (पंखामागची झडप) 10 अंश, पॉवर कमी, वेग साधारण 70 ते 75 नॉट (तुमच्या ड्रॉप झोनचा आकडा तोच अंतिम). चौघं दाराशी सरकले की गुरुत्वमध्य सरकतो. एकदोघं पायरीवर उभे राहून स्ट्रटला (पंखाखालचा तिरपा दांडा) धरतात, तेव्हा उजव्या बाजूचा ड्रॅग (हवेचा अवरोध) वाढतो आणि शेपटीकडची हवा ढवळली जाते. नाक वर जातं, वेग गळतो. नवा पायलट इथे उंची धरून ठेवायला योक (विमानाचं सुकाणू) ओढतो, तीच चूक. 100 फूट गेले तर जाऊ द्या, वेग सोडू नका. डावं रडर (नाक डावीकडे वळवणारं पेडल) आधीच तयार ठेवा. स्टॉलची (वेग कमी पडून पंखांची उचल तुटण्याची) चाहूल लागली तर नाक खाली करा आणि बाहेरच्यांना ओरडून जायला सांगा. आतल्यांनी पुढे सरकायचं, हे जमिनीवरच ठरलेलं असावं.

स्वीडनमध्ये उमेओजवळ 14 जुलै 2019 रोजी जम्पर नेणारं एअरव्हॅन हे छोटं विमान पडलं, नऊही जण गेले. चौकशीत कमी वेग, शेपूटजड विमान आणि खराब हवामान एकत्र आल्याचं निघालं. ढगात जंप रन नकोच. खाली ग्राहक थांबलेत म्हणून तर मुळीच नको.

अजून एक: जम्पर चाकावर पाय ठेवत असतील तर ब्रेक दाबून धरा, नाहीतर चाक फिरून पाय घसरतो. उतरण्याआधी ब्रेक सुटलेत ना, हे तपासा.

कॅप्टन_काका:
घारोबांशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शेवटचा जम्पर गेला की आधी तो खरंच गेलाय आणि पायरीवर काही अडकलेलं नाही, हे बघा. मग फ्लॅप वर, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा) बंद, कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ न देणारी गरम हवा) चालू. मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनाच्या पॉवरचं माप) एकदम ओढू नका, मिनिटाला साधारण एक इंच. सिलिंडर हेडच्या तापमानावर डोळा ठेवा. उतरण्याची घाई इंजिनाला महाग पडते. वेग हिरव्या पट्ट्यात ठेवा, पॅराशूटं ज्या बाजूला आहेत तिच्या उलट बाजूने उतरा. टँडमवाले (प्रशिक्षकाला बांधून उडी मारणारे) 5,000 फुटांच्या वरच पॅराशूट उघडतात, म्हणजे तुम्ही खाली येता तेव्हा ते हवेतच असतात.

हवामानामुळे जम्परांसकट परत यायची वेळ आली तर वेगळा नियम. विद्यार्थ्यांच्या रिगमधलं सायप्रेस हे आपोआप चालणारं यंत्र 1,000 फुटांच्या आसपास, सेकंदाला 13 मीटरहून जास्त वेगाने खाली जाताना राखीव पॅराशूट उघडतं. 13 मीटर म्हणजे मिनिटाला साधारण 2,500 फूट, आणि रोजच्या सवयीने विमान खाली सोडलं तर हा आकडा सहज गाठला जातो. म्हणून विद्यार्थ्यांची यंत्रं उतरण्याआधी प्रशिक्षकाकडून बंद करून घ्या, दार बंद करा, सगळ्यांना पट्टे लावायला लावा आणि मिनिटाला 1,000 फुटांपेक्षा हळू उतरा.

रेडिओ: उडीच्या किमान 5 मिनिटं आधी कंट्रोलशी संपर्क हवा, आणि शेवटचा गेला की तेही कळवायचं.

रानपाखरू:
दोघांचे मनापासून आभार. तिसरा प्रश्न राहिला. आणि पायलटनेही पॅराशूट घालायचं का?

घारोबा:
घालायचंच. विस्कॉन्सिनमध्ये सुपिरिअरजवळ 2 नोव्हेंबर 2013 रोजी दोन जंप विमानं हवेत आदळली. पुढच्या 182 चा पायलट पॅराशूटनेच उतरला. दोन्ही विमानांतले 11 जण वाचले. पायलटच्या रिगची रिपॅक (पॅराशूट तपासून पुन्हा घडी घातल्याची) तारीख 180 दिवसांच्या आत आहे का, ते बघा.

दारातल्या उघडण्याबद्दल: दार उघडण्याआधी प्रत्येकाने आपली हँडलं आणि पायलट शूट (मुख्य पॅराशूट ओढून काढणारं छोटं पॅराशूट) हाताने झाकावं, दाराकडे पाठ करू नये. दार उघडं असताना कापड बाहेर गेलं तर ते ओढून आत घ्यायचा प्रयत्न करू नका. त्या माणसाला लगेच बाहेर जाऊ द्यायचं. तो आत थांबला तर पॅराशूट त्याला दाराच्या कडेवरून खेचून शेपटीवर नेतं. कापड अजून आतच असेल तर मुठीत धरा आणि दार लावा.

कॅप्टन_काका:
पाठीवर रिग आली की तुम्ही सीटवर पुढे ढकलले जाता. रिग घालून, पट्टा लावून, योक पूर्ण मागे येतो का ते जमिनीवर तपासा. सीटची पिन रुळाच्या भोकात बसलीय का, हेही हाताने हलवून बघा. टेकऑफला सीट मागे सरकली तर योक हातात धरूनच तुम्ही मागे जाता. मग इंजिन बंद ठेवून सराव करा: हेडसेट काढा, पट्टा सोडा, उजव्या दाराबाहेर पडा, हँडल शोधा. हँडल न बघता हाताला लागेपर्यंत.