मदत हवी आहे: नातीला भेटण्यासाठी आजी-आजोबांना कायद्याचा आधार आहे का?

मंडळी, आईबाबांच्या वतीने लिहितेय. दोघंही सत्तरी ओलांडलेले, साताऱ्यात असतात. धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी अचानक गेला. वहिनी सहा वर्षांच्या भाचीला घेऊन पुण्यात माहेरी राहते. सुरुवातीला येणंजाणं होतं. मग फ्लॅटचा विषय निघाला. भावाने मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे वहिनी आणि भाचीबरोबर आईचंही नाव वारस म्हणून लागतं. वहिनीचे वडील म्हणाले, आईने हक्कसोडपत्र करून द्यावं. आई 'बघू' म्हणाली आणि तिथून फाटलं.

आता फोन उचलत नाहीत. संक्रांतीला आईने शिवलेला काळा फ्रॉक कुरियरने पाठवला, तर 'घेण्यास नकार' शेरा मारून पाकीट परत आलं. ओळखीचे एक वकील म्हणतात, सरळ मुलीच्या ताब्यासाठीच दावा ठोका, म्हणजे भेटीवर तरी तडजोड होईल. बाबा म्हणतात, शाळा सुटताना गेटवर जाऊन उभा राहतो. मला दोन्ही पटत नाही. यातून गेलेलं कुणी आहे का?

प्रतिसाद (कायद्याची वही):
ताई, ताब्याचा दावा अजिबात नको. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 नुसार वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक. ती मुलीला नीट सांभाळत असेल तर ताबा आजी-आजोबांकडे कशाला जाईल? उलट 'मुलगी हिसकावायला निघालेत' हे तिच्या मनात पक्कं बसेल. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पाच वर्षांच्या मुलाचा ताबा मावशीऐवजी आजी-आजोबांना दिला होता, तो निकाल तुमचे वकील दाखवतील. पण तिथे आईवडील दोघंही कोविडमध्ये गेले होते.

'आजी-आजोबांचा भेटीचा हक्क' असं वेगळं कलम आपल्याकडे नाही. विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात आजी-आजोबांच्या भेटीचा विचार केला होता, पण तसा कायदा झाला नाही. म्हणून दार बंद आहे असंही नाही. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 7 मध्ये अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलाचं पालकत्व आणि ताबा यांच्या जोडीला भेटीचाही उल्लेख आहे. तेव्हा फक्त भेट मागा: महिन्यातून अमुक वेळा, मधल्या काळात व्हिडिओ कॉल. न्यायालय बघणार ते मुलीचं हित, तुमचा हक्क त्यानंतर. अर्ज पुण्यातच करावा लागेल, कारण मूल जिथे नेहमी राहतं तिथलं न्यायालय लागतं.

त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीसाठी अर्ज द्या. अर्ज तुमच्या आईच्या नावाने करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. आणि कुणीतरी ज्येष्ठ नागरिक कायदा सुचवेलच, तो चरितार्थाचा, इथे उपयोगाचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: 'भेटू दिलंत तर सही करू' असा एकही मेसेज कुणी पाठवू नका. फ्लॅट वेगळा, मूल वेगळं. हा सौदा उद्या न्यायाधीशांच्या टेबलावर आला तर तुमचीच बाजू पडेल. बाबांना गेटवरही पाठवू नका. शाळा मुलीच्या आईला फोन करणार, ती पोलिसांत जाणार.

प्रतिसाद (चिंचेचा कोळ):
वरचं सगळं बरोबर, पण मी त्या सुनेच्या जागी होते. सासरचे यायचे आणि लेकासमोर त्याच्या बाबांचा फोटो काढून रडत बसायचे. ते गेले की पोरगं रात्री अंथरूण ओलं करायचं. फ्लॅट-बिट नंतरचं. वहिनीला हे असलं काही खुपलंय का, ते मध्यस्थीत आधी ऐकून घ्या. मी परत भेटू द्यायला लागले ते सासऱ्यांनी 'आम्ही पोराला बागेत नेतो, तू हवं तर सोबत ये' म्हटल्यावर.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. फोटोचं वाचून दचकले, कारण आमच्याकडेही शेवटच्या भेटीत साधारण हेच झालं होतं. ताब्याचं डोक्यातून काढलं, बाबांनाही गेटवर जाऊ देत नाही. एकच विचारायचंय: प्राधिकरणाची नोटीस थेट वहिनीच्या माहेरी गेली तर तिचे वडील आणखी बिथरतील. आधी तिच्या मामांकरवी शब्द टाकावा का? ते दोन्ही घरांत मानाचे आहेत.