कर्टलंडची पेढी: लबाडी की कच्चा हिशेब?

खतावणी:
मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या कर्टलंड गावात 'सेफ्टी सोसायटी' ही पेढी काढली. जानेवारी १८३७ मध्ये उघडली, नोव्हेंबरात बंद. १८३७ च्या मंदीने ती बुडवली असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. शेअरची दर्शनी किंमत ५० डॉलर, प्रत्यक्ष भरणा शेअरमागे सरासरी सव्वीस सेंट. शंभराला अर्धा! कागदावर भांडवल ४० लाख, तिजोरीत आलेली रोकड सुमारे २१ हजार. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नोटा बाहेर पडल्या आणि २३ तारखेच्या सुमारास नोटांच्या बदल्यात सोन्याचांदीचं नाणं देणं थांबलं. न्यूयॉर्कच्या बँकांनी नाणं देणं थांबवलं ते १० मे रोजी, म्हणजे साडेतीन महिन्यांनंतर. मंदीने मेलेल्याला मारलं.

सनदी:
तारखा बरोबर, निष्कर्ष घाईचा. मार्च १८३६ मध्ये कर्टलंडला पंथाच्या मंदिराचं समर्पण झालं, त्याचं कर्ज डोक्यावर. पंथाकडे जमीन होती, नाणं नव्हतं. आणि ही अडचण त्या अख्ख्या मुलखाची होती. जमिनीच्या जोरावर नोटा काढणारे हे काही एकटे नव्हते. पंथाच्या ऑर्सन हाइडला बँकेची सनद, म्हणजे सरकारी परवाना, आणायला राज्याच्या राजधानीत, कोलंबसला पाठवलं होतं, म्हणजे मार्ग कायदेशीरच धरला होता. विधिमंडळाने सनद दिली नाही. स्मिथचा स्वतःचा पैसा त्यात गेला. लुटारू आपलाच खिसा आधी कापतो का?

खतावणी:
सनद मिळाली नाही तर थांबायचं होतं. यांनी २ जानेवारीला नाव बदलून 'अँटी-बँकिंग कंपनी' केलं. नोटांचे ठसे फिलाडेल्फियाहून आधीच कोरून आले होते, त्यांवर ठसठशीत 'बँक'. मग काही नोटांवर त्या शब्दाच्या अलीकडे 'अँटी' आणि पलीकडे 'इंग कंपनी' एवढ्या बारीक अक्षरांत छापलं की भिंग लागावं. घेणाऱ्याला बँकच दिसणार. १८१६ चा कायदा विनासनद नोटा काढणाऱ्याला १,००० डॉलर दंड सांगत होता. ऑक्टोबरात स्मिथ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन दोघांनाही तो बसला.

सनदी:
फिर्याद सॅम्युअल राउंड्सची. दंडातला निम्मा वाटा फिर्यादीचा, हे का गाळता? शिवाय तो कायदा अजून लागू होता की नाही यावर वकिलांनी कोर्टात वाद घातलाच होता.

उंबरठा:
दोघेही तिजोरीकडे बघताय, नोटा कुठे जात होत्या ते बघा. गावातल्या गावात नोट फिरली असती तर थोड्या नाण्यावरही काही काळ भागलं असतं. पण घेणेकरी बाहेरचे. बाहेरच्या व्यापाऱ्याच्या हाती नोट पडली की तो नाणं मागायला दारात उभा. जमीन सोन्यासारखी काउंटरवर मोजून देता येत नाही. विकायला महिने लागतात, आणि सगळेच विकायला निघाले की भाव पडतो. नाणं देणं थांबल्यावर नोटा मोठ्या बट्ट्याने जाऊ लागल्या. यात लबाडी लागतच नाही. आणि वर नाण्यांचा थर, खाली वाळू भरलेल्या पेट्यांची गोष्ट कृपया कुणी आणू नका, ती विरोधकांच्या जबान्यांतली आहे.

खतावणी:
पेट्या सोडल्या. पण जूनमध्ये, घर पेटलेलं असताना, पंथाचा हेबर किंबॉल आणि तोच सनदवाला हाइड यांना धर्मप्रसारासाठी इंग्लंडला पाठवणं म्हणजे लक्ष दुसरीकडे वळवणं नाही?

उंबरठा:
तसं असेल तर पंथाच्या इतिहासातली सर्वांत फायद्याची पळवाट! सात जण १ जुलैला न्यूयॉर्कहून 'गॅरिक' जहाजाने निघाले, २० तारखेला लिव्हरपूल. लगोलग प्रेस्टन गाठायचं कारण अगदी घरगुती: सातांपैकी जोसेफ फील्डिंगचा भाऊ जेम्स तिथे पाद्री होता. त्याने आपलं व्यासपीठ दिलं आणि माणसं हलू लागताच दार लावलं. ३० जुलैला रिबल नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा. पुढच्या वसंतापर्यंत सुमारे दीड हजार. पैशांचीही पद्धत बघा. १८४० च्या दुसऱ्या फेरीत इंग्लंडमधल्या नव्या अनुयायांपैकी जॉन बेन्बोने २५० पौंड आणि थॉमस किंग्टनने १०० पौंड छपाईसाठी दिले, त्यावर मॉर्मन ग्रंथाच्या ५,००० प्रतींची मागणी नोंदवली. इथेही पैसा दुसऱ्याचाच, पण समोर विकता येईल असा माल.

सनदी:
मात्र ही पद्धत सगळीकडे चालली नाही. पंथाचा प्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुण्यातही राहिला. लष्करी छावणीच्या अधिकाऱ्यांनी दारं बंद केली. प्रेस्टनला भाऊ होता, इथे कोण होतं?

मूळ मुद्द्यावर येतो. पेढीचा रोखपाल वॉरन पॅरिश याने २५ हजार डॉलर लांबवल्याचा आरोप झाला होता. तो हिशेबात धरणार की नाही?

खतावणी:
तिजोरीत आलीच एकूण २१ हजार, त्यातली बरीच जानेवारीतच नोटा वटवण्यात गेलेली. पंचवीस हजार नेले कुठून?

सनदी:
नाणं म्हटलंय कुणी? सही केलेली नोट बाहेर गेली की देणं पेढीच्या माथी. त्यासाठी तिजोरी फोडावी लागत नाही.

खतावणी:
मग २३ जानेवारीनंतर त्या नोटांच्या बदल्यात नाणं कोण देत होतं?