भिरंडं महिनाभराची, मग वर्षभर पोस्ट काय टाकायच्या?

वाळपईची सोलं

नमस्कार. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ आमचं घर. सासऱ्यांनी लावलेली भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सात झाडं आहेत. मी सोलं (भिरंडाची सुकवलेली सालं), आगळ (त्याचा मीठ घातलेला रस), फणसाचे पापड आणि आंब्याची साठं करते. आधी शेजारपाजारी आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकायचे. दोन वर्षांपूर्वी भाचीने इन्स्टाग्राम उघडून दिलं. तिथे ६४० जण आहेत, पण ऑर्डरी येतात त्या व्हॉट्सअॅपवर.

गेल्या वर्षी सोशल मीडिया सांभाळून देणाऱ्या एकांना तीन महिन्यांचे पैसे भरले. महिन्याला तीस पोस्ट ठरल्या होत्या. आज चॉकलेट दिवस, उद्या मैत्री दिवस, असं चाललं होतं. कोकम सरबताच्या पोस्टवर त्यांनी कुठून तरी स्ट्रॉबेरीच्या रसाचा फोटो लावला. आमच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "बाय, तू रंग घालायला लागलीस काय गो?" ते मला फार लागलं. त्याच दिवशी सगळं बंद केलं.

आता माझं मीच करायचं ठरवलंय. पण भिरंडं पिकतात एप्रिल-मेमध्ये. तेव्हा हात रसाने माखलेले, फोन कोण धरणार? पाऊस लागला की वेळच वेळ, पण दाखवायला फळ नाही. रोज रात्री जेवणं आटोपली की उद्या काय टाकू या विचारात बसते आणि शेवटी देवाचा फोटो टाकून झोपते. वर्षाचं कसं आखायचं? आठवड्याला किती पोस्ट टाकू? मराठीत लिहू की कोंकणीत? किंमत लिहावी का?

शुक्रवार बाजार

ताई, किंमत लिहाच. "किंमत मेसेज करा" असं दिसलं की माझ्यासारखा माणूस पुढे जातो. बाजारात आपण वाटा मांडून दर सांगतोच ना, तसंच इथेही. वजनही लिहा, पाव किलो की अर्धा.

मयेची माती

वाळपईच्या ताई, आमची डिचोली तालुक्यात गणपतीची चित्रशाळा आहे. वडिलांपासूनची, चिकण मातीचीच. तुमचं दुखणं मला नीट कळतं, कारण आमचंही वर्षाचं पोट तीन-चार महिन्यांवर आहे. त्या काळात माझेही हात मातीत असतात.

मी पहिली दोन वर्षं चवथीच्या आधी पंधरा दिवस रोज फोटो टाकायचो, रंगवलेल्या मूर्तींचे. लोक वाहवा करायचे, पण तोवर त्यांचे पाट दुसऱ्या चित्रशाळेत पोचलेले असायचे. आमच्याकडे माणूस पाट आणून देतो तेव्हा ऑर्डर होते, मूर्ती नेतो तेव्हा नाही. म्हणजे मी दाखवत होतो तेव्हा निवड होऊन गेलेली होती. हे कळल्यावर मी माती मळतानाचे व्हिडिओ पाट यायच्या आधी टाकू लागलो. फोटो तसे साधेच, अर्धवट मूर्ती, बोटांचे ठसे दिसतात. पण पाट त्यांनीच आणले.

म्हणून माझं सांगणं असं, की तुमचं काम कधी चालतं त्यावर पोस्ट बांधू नका. गिऱ्हाइकाच्या घरात सोलाची आठवण कधी होते ते बघा आणि त्याच्या आठ-दहा दिवस आधी टाका. तुमचा माल तर बारा महिने टिकणारा! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस. त्या दिवसांत घराघरात सुके बांगडे नि सुकी सुंगटं (कोळंबी) निघतात, कढीला सोलं लागतात. म्हणजे तुमची पोस्ट मेच्या शेवटाला हवी, पुरुमेंताची खरेदी चालू असताना. बायका तेव्हा पावसाची बेगमी करतातच, त्यात तुमचं पाकीट जाऊन बसलं पाहिजे. पुढे श्रावण, मासे बंद. मग भाज्यांचं खतखतं आणि नारळाशिवायची फुटी कढी दाखवा. मग चवथ. डिसेंबरात आखातातली, मुंबईची माणसं घरी येतात आणि जाताना बॅगेत काय न्यायचं ते शोधतात.

इथे मी एकदा फसलोय ते सांगतो. मागच्या वर्षीची वही बघून तारखा टाकू नका. २०२५ ला चवथ २७ ऑगस्टला होती. यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे आणि श्रावण १३ ऑगस्टला लागतो. अठरा दिवसांचा फरक आहे. कॅलेंडर भिंतीवरून काढून समोर ठेवा आणि मगच वहीत लिहा.

आता फळाचं. पोस्ट रोज करायची गरज नाही, पण या महिन्यात चित्रण रोज करा. फोन हातात धरू नका. खिडकीच्या गजाला बांधा, घरातल्या पोराला दोन मिनिटं उभं करा. भिरंडं फोडणं, बिया काढणं, सालं उन्हात पसरणं, त्यांना परत त्याच रसाचं नि मिठाचं पूट देणं, अंगणात ऊन सरकेल तशी सुपं हलवणं. एकेक तुकडा वीस-तीस सेकंदांचा. असे चाळीस तुकडे जमले की पावसाळाभर पुरतात. पण ऑगस्टमध्ये टाकताना "मेमधलं काम" असं लिहा. ताजं आहे असं भासवू नका. तुमच्या त्या बाईंनी रंगाचं विचारलं ना, तो विश्वास जपायचा आहे.

इन्स्टा शिकवणारी

मयेच्या दादांनी मुख्य ते सांगितलं. मी फोंड्याला बचत गटाच्या बायकांना फोन वापरायला शिकवते, त्यातल्या अडचणी सांगते.

इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल केलं की त्याच अॅपमधून पोस्ट ७५ दिवस आधीपर्यंत वेळ लावून ठेवता येते. पैसे लागत नाहीत. म्हणजे जूनमध्ये पावसात बसून श्रावणापर्यंतचं लावून टाका. मात्र बिझनेस खात्याला चालू गाणी बहुतेक मिळत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, भिरंड फोडताना जो आवाज येतो तोच ठेवा.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. आमच्या एका बाईंना वाटायचं, लोक उत्तर देत नाहीत. बघितलं तर निम्म्यांना मेसेज पोचतच नव्हता. तेव्हा प्रत्येक पाकिटाबरोबर चिठ्ठी द्या, "नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळवीन." बिझनेस अॅपमधला कॅटलॉगही भरा, तिथे फोटो, वजन, किंमत एकदाच लिहायची.

भाषेचं विचाराल तर व्हिडिओत बोला कोंकणीत, घरी बोलता तशी. खाली लिहा मराठीत. "कोकम", "आमसूल" हे शब्दही घाला, पुण्या-मुंबईच्या माणसाला "सोलं" शोधायचं सुचत नाही. आणि पाकिटाचा फोटो टाकताना एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर वाचता येईल असा दिसू द्या.

शुक्रवार बाजार

एक विचारतो. माझ्या ठेल्यावर सोलांवर पांढरं दिसलं की लोक बुरशी म्हणून परत ठेवतात. यावर कोणी पोस्ट करत नाही.

मयेची माती

हीच तर पोस्ट! ताई, एक वही करा. फोनवर लोक जे विचारतात ते तारखेसह लिहा. पांढरं काय आहे, जुनी सोलं काळी का पडतात, आगळ आणि सरबतात फरक काय, कढीला किती घालायची. माझ्याकडे "मूर्तीला तडा का जातो" हा प्रश्न दर वर्षी येतो. त्याचं उत्तर एकदा नीट बोलून ठेवलं, तेव्हापासून तोच व्हिडिओ पाठवतो. आठवड्याला दोन पोस्ट पुरेत. एक कामाची, एक प्रश्नाची.

वाळपईची सोलं

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालपासून वही केली. मागचे मेसेज चाळले तर "पांढरं का?" नऊ वेळा निघालं! ते मीठ असतं. सुकताना वर येतं, बोटावर घेऊन चाखलं की कळतं. बुरशी असेल तर तंतू दिसतात आणि वासही कुबट येतो. मला इतकं ओळखीचं की कोणाला सांगायला हवं हे सुचलंच नव्हतं.

आज सकाळी मुलाने फोन माडाला बांधला आणि मी सुपं मांडताना चित्रण झालं. दुपारी ढग आले, सासूबाई आणि मी धावत सगळं आत घेतलं, तेही फोनमध्ये राहिलं. भाची म्हणते ते काढून टाक, केस विस्कटलेत. मी ठेवणार आहे. पावसाआधी सोलं वाचवायची धावपळ प्रत्येक गोंयकार बाईला माहीत आहे.

२० मेला पुरुमेंताची पहिली पोस्ट लावते. अर्धा किलोच्या पाकिटाची किंमत लिहूनच. फक्त एक सांगा, आगळाची बाटली कुरियरने पाठवताना झाकणातून गळते, त्यावर कोणी काय उपाय केलाय? तोवर मुंबईसाठी नुसती सोलंच पाठवते.

शुक्रवार बाजार

झाकणाच्या आत सील बसणाऱ्या बाटल्या घ्या आणि वरून प्लास्टिकची पिशवी गाठ मारून. मी येत्या शुक्रवारी दोन नमुने ठेवतो, येऊन बघा.